रेस दिली, पण गाडी उठेना

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, 'उशीर'. पावसाचा उशीर, न्यायालयातल्या तारखांचा उशीर, लग्न जमण्यातला उशीर हे नामी प्रकार इतरांनी आधीच पळवले असणार. म्हणून मी सेकंद-दीड सेकंदाचा एक उशीर मागून घेतला. डिझेल गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी खरोखर झेपावेपर्यंतचा. मोटारींच्या दुनियेत त्याला टर्बो लॅग म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात तो तक्रारींच्या रूपाने भेटतो. 'पिकअप गेला', 'गाडी दम धरीना', 'रेस दिली की आधी विचार करते, मग पळते', अशा त्या तक्रारी.

हा उशीर नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी बघायचा तर दौलताबादला जावं. शहरातून वेरूळकडे जाणारा रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून जातो आणि तिथे सुट्टीच्या दिवशी वाहनांची कोंडी ठरलेली. दरवाजातून सरपटत बाहेर पडलेल्या गाडीच्या इंजिनाचे फेरे हजार-बाराशेवर आलेले असतात, आणि थोड्याच अंतरावर खुलताबादचा घाट तोंड वर करून उभा असतो. चालक पाय दाबतो. आधी इंजिन नुसतं घोगरं गुरगुरतं. मग बारीक शिट्टी ऐकू येते, जुनी गाडी असेल तर मागून काळ्या धुराचा लोट निघतो, आणि त्यानंतर गाडीला कोणीतरी मागून ढकलल्यासारखा झटका बसतो. गुरगुर आणि शिट्टी यांच्यामधलं अंतर काही गाड्यांत जाणवतही नाही. काहींत मात्र मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत ते लांबतं. दोन्ही गाड्या डिझेलच्या, दोन्हींत टर्बो. मग फरक कशाचा, आणि तो कमी कसा करायचा?

पाणचक्कीचं तत्त्व

टर्बो कसा चालतो हे समजवायला या शहरात आकृती काढावी लागत नाही, पाणचक्की दाखवली की पुरे. झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून, उंच चढवून खाली सोडलं आहे. त्या धारेने खालचं पात्यांचं लोखंडी चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं वरचं जातं दळतं. टर्बोतही दांडा एक आणि चाकं दोन. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारा इंजिनाचा तापलेला धूर एका चाकावर आदळतो, ते टर्बाइन. दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक कॉम्प्रेसरचं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. मोटारीच्या छोट्या टर्बोचा दांडा भरात आला की मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तोही तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत.

पाणचक्कीला मात्र पाणी सतत मिळतं. इंजिनाच्या धुराचं तसं नसतं, पाय जेवढा दाबाल तेवढा धूर. आणि इथेच गाठ बसते. टर्बो फिरायला जोरदार धूर हवा, त्यासाठी जास्त डिझेल जळायला हवं, ते जळायला जास्त हवा हवी आणि ती हवा टर्बो फिरल्याशिवाय मिळत नाही. ही गाठ एका झटक्यात सुटत नाही, फेऱ्याफेऱ्याने सैल होते. दरम्यान गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, डिझेलवर हात आखडून बसलेला असतो. हवा नसताना डिझेल सोडलं तर त्याची काजळी होणार हे त्याला ठाऊक असतं. तुम्ही पाय पूर्ण दाबला तरी हवा येईपर्यंत तो पूर्ण डिझेल देत नाही. चालकाला जो उशीर जाणवतो त्यातला मोठा भाग हाच.

दोन दुखणी, एकच नाव

गॅरेजात 'लॅग' या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी येतात. पहिलं असं की इंजिनाचे फेरे इतके कमी असतात की टर्बोला पुरेसा दाब तयारच करता येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटरने चाललेल्या गाडीला कितीही रेस द्या, ती कण्हतच राहणार. दुसऱ्या दुखण्यात फेरे पुरेसे असतात, पण पाय सोडून पुन्हा दाबल्यावर टर्बोला गती घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात. खरा लॅग हा दुसरा. पहिल्यावरचा उपाय गिअरच्या दांडीत आहे, त्यासाठी पान्हा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या चालकांची या पहिल्या दुखण्याशी ओळख बऱ्याच अंशी एका इंजिनाने करून दिली. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट. इथून पुण्याला जाताना नगर रस्त्यावर लागणाऱ्या रांजणगावात ते तयार होई, आणि परवान्याखाली मारुतीही ते बनवत असे. २००७ च्या स्विफ्ट डिझेलमध्ये ते ७५ अश्वशक्तीचं होतं. त्याचा १९० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर मिळायचा तो मिनिटाला २००० फेऱ्यांवर. त्याच्या खाली गाडी सुस्त आणि काटा दोन हजारांच्या आसपास गेला की एकदम चवताळणार. चालवणाऱ्यांना ही खोड तोंडपाठ झाली होती. याच इंजिनाच्या ९० अश्वशक्तीच्या रूपात धुराची वाट कमी-जास्त करणारा टर्बो आला आणि ती खोड बरीच सौम्य झाली.

डिझेलवर पोसलेलं शहर

या शहराचं डिझेलशी नातं जुनं आहे. चिकलठाण्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी आणि हिंगण्याबरोबर महामंडळाच्या बसगाड्यांची बांधणी आणि मोठी दुरुस्ती करणारी ही तिसरी जागा. शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. पुढे आलेल्या लॉराच्या १.९ लिटर डिझेलमध्ये २५० न्यूटन-मीटरचा जोर १९०० फेऱ्यांवर मिळे. त्या काळी ती चालवलेले लोक अजूनही त्या धक्क्याबद्दल रंगून बोलतात. ऑडीच्या गाड्यांची जुळणीही इथलीच. २०२० मध्ये धुरासाठीचे बीएस-६ निकष आले आणि स्कोडा-ऑडीच्या समूहाने भारतात डिझेल मोटारी बंद केल्या. मारुतीनेही त्याच वेळी डिझेल सोडलं.

शेंद्र्यातच २०१५ मध्ये पर्किन्सचा कारखाना सुरू झाला. तिथे रस्त्यावर कधीच न धावणारी मोठी इंजिनं बनतात, वीज जनित्रांसाठी. लॅगचा त्रास त्यांनाही असतो. वीज गेली, जनित्र सुरू झालं आणि एका झटक्यात सगळा भार अंगावर पडला तर टर्बोला हवा पुरवायला वेळ मिळत नाही. इंजिनाचे फेरे घसरतात, विजेची वारंवारता खाली येते. म्हणून मोठ्या टर्बो जनित्रांवर भार टप्प्याटप्प्याने चढवण्याची पद्धत आहे. चालकाला जे गिअर बदलून साधावं लागतं, तेच इथे नियंत्रण पेटी साधते.

साबणाचे बुडबुडे

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गॅरेजात फुलंब्रीकडून आलेला पिकअप उभा होता. मागच्या हौद्यात अद्रकीची माती अजून होती. मालकांचं म्हणणं, जाधववाडीला माल घेऊन येताना गाडी चढाला मरते, टर्बो गेला असणार, नवीन बसवून टाका. नव्या टर्बोची किंमत त्यांनी आधीच विचारून ठेवली होती, त्यामुळे चेहरा उतरलेला.

मिस्त्री वयाने तिशीतला. त्याने टर्बोला हात न लावता बॅटरी पेटवून, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा जाड रबरी पाइप बघायला घेतला. पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पजवळ, हाताएवढा काळा चिकट डाग होता. तेलाची वाफ बाहेर येते आणि तिच्यावर रस्त्याची धूळ बसते, गळतीची ही पहिली खूण. मग त्याने हवा आत घेण्याचं तोंड टोपणाने बंद केलं, गॅरेजातल्या कॉम्प्रेसरने बेताची हवा आत सोडली आणि डागावर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे फसफसून वर आले. पाइप पिळून धरला तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर उघडी झाली. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची. दाब वाढला की उघडायची, म्हणजे नेमकी चढावर.

"काका, टर्बो ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हवा बनतेय, पण इंजिनापर्यंत पोचत नाही."

"मग शिट्टी एवढी का मारतो?"

"गळकी हवा भरून काढायला जास्त फिरतोय बिचारा. अजून सहा महिने असाच चालवला असता तर खरंच गेला असता."

पाइप आणि दोन क्लॅम्प बदलले, हवेचा फिल्टर बदलला. जुना फिल्टर त्याने फरशीवर आपटला तेव्हा धुळीचा छोटा ढीग पडला. सिल्लोड-अजिंठा रस्त्याचं काम रखडलं होतं त्या काळात असे फिल्टर रोजच यायचे, असं तो म्हणाला. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरचा जो आकडा असतो तो बऱ्या रस्त्यांसाठी. आपल्याकडच्या फुफाट्यात फिल्टर त्याच्या निम्म्यावर तपासावा, हा त्याचा हिशेब.

शेजारी दुसरी गाडी होती, तिचा टर्बो उतरवून टेबलावर ठेवलेला. त्याच्या आत चाकाभोवती बोटाच्या नखाएवढ्या पात्यांचं कडं होतं. फेरे कमी असताना ही पाती मिटत येतात, धुराची वाट अरुंद होते आणि धार जोराने चाकावर पडते. फेरे वाढले की पाती उघडतात. व्हीजीटी म्हणतात तो हाच प्रकार. नाशिकहून येणाऱ्या स्कॉर्पिओपासून अनेक गाड्यांत तो आहे. टेबलावरच्या टर्बोत काजळीने कडं जाम झालं होतं, पाती अर्धवट उघड्या अवस्थेत अडकलेली. खालच्या फेऱ्यांत ती मिटतच नव्हती, त्यामुळे धार विस्कटत होती. मिस्त्रीच्या मते असे टर्बो बहुधा शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांचे असतात. क्रांती चौक ते सिडको एवढाच रोजचा प्रवास, इंजिन पुरतं तापतच नाही, काजळी साठत जाते. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगलं पळवून आणलं तर पाती हलती राहतात.

इथली हवा

स्कॅनर जोडल्यावर पडद्यावर दोन आकडे शेजारी दिसतात. ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. या दोघांमध्ये किती अंतर पडतं आणि ते किती वेळाने मिटतं, यावर निदान ठरतं. इंजिन बंद असताना सेन्सर केवळ वातावरणाचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, इथे ९५ च्या आगेमागे. शहर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, त्याचा हा परिणाम. त्यात मे महिन्याची बेचाळीस अंशांची दुपार मिळवा. समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या हवेच्या तुलनेत तेव्हा इथली हवा सुमारे १५ टक्के विरळ असते. टर्बो ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावं लागतं आणि तेवढा वेळही लागतो. गाडी उन्हाळ्यात दुपारी सुस्त आणि पहाटे चपळ वाटते, हा भास नव्हे. मात्र उन्हाळा-हिवाळा, सकाळ-दुपार कधीही गाडी सारखीच मंद असेल, तर दोष हवामानावर ढकलू नये.

काळ्या धुराचा मोह

उशीर घालवण्याचे झटपट उपायही बाजारात मिळतात. जुन्या पंपाच्या गाड्यांत स्क्रू पिळून डिझेल वाढवायचे. हवा येण्याआधीच डिझेल पडल्याने गाडीला जरा उसळी यायची आणि मागच्याच्या तोंडाला काळं फासलं जायचं. आता स्क्रूची जागा सॉफ्टवेअरने आणि छोट्या डब्यांनी घेतली आहे.

त्यातले काही डबे नुसते ॲक्सिलरेटरच्या पेडलला जोडतात. पाय वीस टक्के दाबला तर ते ईसीयूला चाळीस सांगतात. गाडी चपळ झाल्यासारखी वाटते खरी, पण टर्बोला यातलं काहीच कळत नाही. पाय पूर्ण दाबल्यावर उशीर होता तेवढाच. दुसरा प्रकार रिमॅपचा, म्हणजे ईसीयूचा हिशेबच बदलण्याचा. जाणकाराने केला तर खालच्या फेऱ्यांत जोर खरोखर वाढतो. पण वाढलेला तो जोर क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोच्या दांड्याने सोसायचा असतो, आणि कंपनीची वॉरंटी बहुधा तिथेच संपते. बीएस-६ गाडीत जास्तीची काजळी सायलेन्सरच्या वाटेवरच्या गाळणीत अडकते. ती गाळणी तुंबली की पुन्हा गाडी मंद, आणि खर्च आधीच्या दुखण्याहून मोठा.

तिसरा उपाय ईजीआरच्या वाटेत पत्र्याची चकती ठोकण्याचा. ईजीआर थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवतो, त्याने विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. त्याच वेळी आतल्या वाटा काजळतात, हेही खरं. त्यावरचा रास्त इलाज वाटा आणि झडप साफ करण्याचा आहे. ईजीआरची वाटच बुजवली तर आपल्या पिकअपसाठी जालना रोडवरच्या सगळ्यांनी विष ओढायचं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई करतं. पीयूसीच्या वेळी धुराची घनता मोजतात तेव्हा बीएस-४ डिझेल गाड्यांना ५० एचएसयूची मर्यादा आहे, त्याआधीच्यांना ६५ ची. पिळलेला स्क्रू तिथे उघडा पडायला हवा.

कारखान्यांनी शोधलेल्या वाटा

कंपन्या या सेकंदामागे दशकानुदशकं लागल्या आहेत. चाकं हलकी आणि लहान करणं, टर्बो इंजिनाला अगदी चिकटून बसवणं, पाइप आखूड करणं हे त्यांचे नेहमीचे मार्ग. लहान चाक लवकर गती घेतं, पण वरच्या फेऱ्यांत दमतं. म्हणून काहींनी लहान आणि मोठा असे दोन टर्बो एकामागे एक लावले. व्होल्व्होने २०१६ च्या सुमारास वेगळीच शक्कल लढवली. गाडीत दोन लिटरची टाकी ठेवून त्यातली दाबलेली हवा रेस देताक्षणी टर्बोच्या अलीकडे सोडायची, म्हणजे धूर येईपर्यंत चाक फिरायला लागलेलं असतं. त्याच वर्षी ऑडीच्या एसक्यू७ डिझेलमध्ये विजेवर फिरणारा कॉम्प्रेसर आला. धुराची वाट न बघता तो पाव सेकंदात ७० हजार फेऱ्यांपर्यंत जातो. गाठ सोडवत बसण्यापेक्षा तिला वळसाच घातला.

असले उपाय कारखान्यातच करायचे. चालू गाडीला वेगळा टर्बो लावण्याच्या भानगडीत सामान्य मालकाने पडू नये. इंजिन, इंजेक्टर, ईसीयू आणि टर्बो एकमेकांच्या मापाने बेतलेले असतात.

पाय आणि गिअर

समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेत एका लयीत जाणाऱ्याला हा उशीर आठवतसुद्धा नाही. आतल्या दुपदरी रस्त्यांवर, सिल्लोड, वैजापूरच्या बाजूला, उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना मात्र तो जिवावर येतो. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर अंतर कापते. समोरूनही कोणी त्याच वेगाने येत असेल तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला तेहतीस मीटरने घटतं. दीड सेकंदाच्या उशिरात पन्नास मीटर गेले, आणि तोवर गाडीने जोर धरलेलाही नसतो.

म्हणून मुरलेला चालक ओलांडायला बाहेर निघण्याआधी एक गिअर खाली घेतो. फेरे अठराशे-दोन हजारांवर येतात, टर्बो आधीच फिरता होतो, मगच तो स्टिअरिंग वळवतो. घाटातही हाच नियम. गाडी कण्हायला लागल्यावर नव्हे, चढ दिसताच गिअर बदलावा. डिझेल वाचवायला वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत चालवणाऱ्याचं डिझेल फारसं वाचत नाही, काजळी मात्र साठते. लांबून पळवून आणलेली गाडी थांबल्या थांबल्या बंद करू नये. मिनिटभर चालू राहू द्यावी, म्हणजे तापलेल्या दांड्यावरचं तेल करपत नाही. ऑइल वेळेवर बदलावं आणि कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं घालावं, कारण टर्बोचा दांडा त्याच्याच भरवशावर फिरतो.

काय करावं

शहराची चाकं आता दुसरीकडे वळू लागली आहेत. बिडकीनला एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांचे प्रकल्प २०२४ मध्ये जाहीर झाले. विजेच्या गाडीत मोटरचा जोर पाय टेकताच मिळतो, तिथे या लेखाचा विषयच उरत नाही. पण मोंढ्यात येणारे पिकअप, एसटीच्या डिझेल बस आणि घाट चढणाऱ्या जीपा उद्याच जात नाहीत. त्यांच्या मालकांसाठी गॅरेजातून आणि घाटातून जमा झालेला निवाडा असा.

गाडी पहिल्यापासूनच खालच्या फेऱ्यांत सुस्त असेल तर तो तिचा स्वभाव आहे. गिअर वेळेवर बदला, चिप लावून स्वभाव बदलू नका. गाडी आधी चांगली होती आणि आता उशीर करते, तर तो आजार आहे, आणि त्याची तपासणी स्वस्ताकडून महागाकडे जावी. आधी हवेचा आणि डिझेलचा फिल्टर, मग पाइप, क्लॅम्प आणि इंटरकूलरची गळती, मग सेन्सर आणि ईजीआरची काजळी, मग टर्बोची पाती आणि त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर. टर्बो बदलण्याची पाळी या सगळ्यानंतर. कोणी बॉनेट उघडताक्षणीच नवा टर्बो सुचवला तर त्याला एवढंच सांगा, आधी साबणाचं पाणी मारून दाखव.